पाळणाघरातील लहान मुलांच्या अन्नाच्या ॲलर्जी आणि दुधाचे पर्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक आणि पाळणाघरात मुलांना सांभाळणाऱ्या ताई यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांमागची भूमिका एकच आहे : ॲलर्जी असलेल्या मुलाची सुरक्षितता कुणा एकाच्या स्मरणशक्तीवर सोडायची नसते, ती लिहून ठेवलेल्या आणि रोज न चुकता पाळल्या जाणाऱ्या पद्धतीवर उभी असावी लागते. निदान आणि औषधाची मात्रा मात्र मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायची आहे.

१. दुधाची ॲलर्जी आणि दूध न पचणे या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि पाळणाघरातल्या बऱ्याच चुका या गोंधळातूनच होतात. ॲलर्जीमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातील प्रथिनांना, म्हणजे केसीन आणि व्हे प्रथिनांना, शत्रू समजते. दूध न पचण्यामध्ये लॅक्टोज ही दुधातील साखर पचवणारे विकर कमी पडते. त्यामुळे पोट फुगते आणि जुलाब होतात, पण प्रतिकारयंत्रणेचा त्यात भाग नसल्यामुळे ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे श्वास किंवा रक्तदाबावर परिणाम करणारी गंभीर ॲलर्जीची प्रतिक्रिया, होत नाही. अगदी लहान मुलांत हा त्रास बहुधा जुलाबांच्या आजारानंतर सुरू होतो आणि आतडे सावरले की काही आठवड्यांत निवळतो.

ॲलर्जीचेही दोन प्रकार आहेत. आयजीई प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या प्रकारात लक्षणे काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतात आणि त्यातूनच जीवघेणा ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो. दुसऱ्या, उशिरा दिसणाऱ्या प्रकारात उलट्या, शौचातून रक्त किंवा शेंब पडणे, इसब वाढणे अशी लक्षणे काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी येतात. या प्रकारातही काही बाळांना दूध पोटात गेल्यावर एक ते चार तासांत लागोपाठ उलट्या होतात आणि बाळ पांढरेफटक व मलूल पडते. तेव्हा वाट न पाहता रुग्णालयात न्यावे लागते.

२. आमची मुलगी अजून बोलत नाही. तिला त्रास होत आहे हे ताईंना कसे कळेल?

अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, तोंडाभोवती लाली येणे ही लक्षणे डोळ्यांना दिसतात, पण ती दरवेळी आधी येतातच असे नाही आणि काही वेळा येतच नाहीत. म्हणून वागण्यातला बदल पाहायला शिकावे लागते : खाता खाता अचानक थांबणे, जीभ बाहेर काढून ओढणे, कान किंवा घसा खाजवणे, लाळ गळू लागणे, रडण्याचा आवाज घोगरा होणे, खोकल्याची उबळ येणे, किंवा एरवी खेळकर असलेले मूल एकाएकी गप्प होऊन अंगावर कलणे. जी मुले थोडे बोलतात ती "तोंडात टोचतंय" किंवा "जीभ गरम झाली" असे सांगतात आणि मोठ्यांना तो हट्ट वाटतो. जेवणानंतरच्या दोन तासांत असे काही दिसले, तर आधी ॲलर्जीची शंका घ्यावी आणि नंतर दुसरी कारणे शोधावीत. जेवणानंतर लगेच झोपणाऱ्या मुलाचा चेहरा आणि श्वास तपासत राहावे, कारण झोपेत लक्षणे लपतात.

३. प्रवेशाच्या वेळी पाळणाघराला नेमके काय लेखी द्यावे?

"दूध चालत नाही" एवढे एक वाक्य पुरेसे नाही. डॉक्टरांनी सही केलेली एक पानाची योजना द्यावी. तिच्यावर मुलाचा अलीकडचा फोटो, ज्या पदार्थांची ॲलर्जी आहे त्यांची नावे, पूर्वी कोणती लक्षणे आली होती, सौम्य आणि गंभीर लक्षणांत काय करायचे, औषधाचे नाव व मात्रा आणि पालकांचे दोन तरी फोन क्रमांक असावेत. मुलाला दमा असल्यास तो ठळक लिहावा, कारण विशेषतः आटोक्यात नसलेला दमा गंभीर प्रतिक्रियेचा धोका वाढवतो. बेक केलेल्या पदार्थातले दूध किंवा अंडे चालते की नाही, हेही स्पष्ट असावे (प्रश्न १४ पाहावा).

ही योजना कपाटातल्या फाइलमध्ये बंद राहिली तर तिचा उपयोग नाही. स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि मुलांचा वर्ग या तिन्ही ठिकाणी तिची प्रत हवी, आणि बदली म्हणून एका दिवसासाठी आलेल्या ताईंनाही ती कामाला लागण्याआधी वाचायला द्यायला हवी. नेहमीच्या ताई रजेवर असतात तो दिवस सर्वांत धोक्याचा असतो, असे आमचे ठाम मत आहे. योजना दर वर्षी आणि मुलाच्या आहारात किंवा औषधात बदल होताच नव्याने लिहून घ्यावी.

४. आठ महिन्यांच्या बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे. पाळणाघरात त्याला ओटचे किंवा बदामाचे दूध देता येईल का?

नाही. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत मुख्य पेय आईचे दूध किंवा बाळांसाठीच बनवलेले फॉर्म्युला दूध हेच असावे लागते. दुकानात मिळणाऱ्या वनस्पतिजन्य दुधात वाढत्या बाळाला पुरतील इतकी ऊर्जा, प्रथिने, मेद आणि लोह नसते. फॉर्म्युला लागत असेल तर डॉक्टर बहुधा प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेला, म्हणजे एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला लिहून देतात. तोही सोसला नाही किंवा ॲलर्जी फार तीव्र असली तर अमिनो ॲसिडचा फॉर्म्युला देतात. "अंशतः हायड्रोलाइज्ड" असे लिहिलेला डबा नावाने जवळचा वाटला तरी ॲलर्जी असलेल्या बाळाला चालत नाही. सोयाचा फॉर्म्युला साधारणतः सहा महिन्यांच्या आत देत नाहीत, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही, म्हणून तोही डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

या विशेष फॉर्म्युलांची चव कडवट आणि वास उग्र असतो. बाळ तोंड फिरवते म्हणून ताईंनी त्यात साखर, मध किंवा साधा फॉर्म्युला मिसळू नये. वर्षाखालील बाळाला मध तर कोणत्याही कारणाने देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो.

५. एक वर्षानंतर कोणते पर्यायी दूध चांगले?

येथे सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण "दूध" असे नाव असले तरी या पेयांत आपसांत फार फरक असतो. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३.३ ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सोयाचे दूध प्रथिनांच्या बाबतीत त्याच्या जवळ जाते. ओटच्या दुधात साधारण १ ग्रॅम, बदामाच्या दुधात त्याहूनही कमी आणि नारळाच्या पेयात तर नावापुरतीच प्रथिने असतात. कॅल्शियम बहुतेक वनस्पतिजन्य दुधांत मुळात कमी असते, ते वरून घालावे लागते. म्हणून साखर न घातलेले आणि १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम घातलेले दूध निवडावे. त्यात ड आणि ब१२ ही जीवनसत्त्वे आणि आयोडीन घातले आहे का, तेही पाहावे. आयोडीन बरेचदा राहून गेलेले असते. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेयांत वरून काहीच घातलेले नसते, त्यामुळे तो शब्द पाहून खोके उचलू नये. घातलेले कॅल्शियम तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ओतण्याआधी खोके नीट हलवावे.

तांदळाचे दूध पाच वर्षांखालील मुलांना मुख्य पेय म्हणून देऊ नये, कारण तांदळात नैसर्गिकरीत्या येणाऱ्या आर्सेनिकचे प्रमाण लहान शरीराला जास्त ठरू शकते. "बरिस्टा" प्रकारची पेये कॉफीसाठी बनवलेली असतात आणि त्यांतले घटक वेगळे असू शकतात.

प्रथिने कमी असलेले दूध निवडले म्हणजे सारे बिघडले असे नाही; डाळी, कडधान्ये आणि चालत असल्यास अंडी, मासे किंवा मांस यांतून प्रथिने मिळत असतील तर ओटचे दूधही पुरते. पण मूल खाण्यात फार चोखंदळ असेल, वजन वाढत नसेल किंवा त्याला एकाहून अधिक पदार्थांची ॲलर्जी असेल, तर आहारतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय पर्याय ठरवू नये.

६. शेळीचे, म्हशीचे, ए२ किंवा लॅक्टोजमुक्त दूध चालेल का?

ॲलर्जी असल्यास यांपैकी एकही चालणार नाही. शेळी, मेंढी आणि म्हैस यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुसंख्य मुलांना त्यांचाही त्रास होतो. ए२ दुधात केसीनचा एक प्रकार बदललेला असतो, ॲलर्जी घडवणारी बाकीची प्रथिने तशीच राहतात. लॅक्टोजमुक्त दुधात फक्त साखर मोडलेली असते. ते न पचण्याच्या त्रासावर उपयोगी आहे, ॲलर्जीवर नाही (प्रश्न १ पाहावा).

७. वर्गातली दोन मुले वेगवेगळी पर्यायी दुधे पितात. सर्वांसाठी एकच ठेवता येईल का?

सोय म्हणून असे करण्याचा मोह होतो, पण एका मुलाचा पर्याय दुसऱ्या मुलाची ॲलर्जी असू शकतो. बदामाचे दूध सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी घातक आहे, सोयाचे दूध सोयाची ॲलर्जी असलेल्यासाठी, आणि वाटाण्याच्या प्रथिनांपासून बनवलेले दूध शेंगदाणे किंवा इतर कडधान्यांची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना त्रासदायक ठरू शकते. प्रत्येक मुलाचे दूध त्याच्या नावाच्या चिठ्ठीसह वेगळे ठेवावे आणि ओतताना खोक्यावरचे नाव व पेल्यावरचे नाव दुसऱ्या ताईने मोठ्याने वाचून जुळवावे. दोघींनी वाचण्याचा हा नियम अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात, पण पेल्यांची अदलाबदल रोखण्याचा याहून खात्रीचा मार्ग आमच्या पाहण्यात नाही.

८. मी स्वतःचे दूध काढून पाठवते. त्याबद्दल वेगळी काळजी घ्यावी का?

होय. बाटलीवर बाळाचे पूर्ण नाव आणि दूध काढल्याची तारीख व वेळ असावी. आईच्या आहारातील दुधाच्या प्रथिनांचा अल्प अंश तिच्या दुधात उतरतो आणि काही बाळांना त्याचाही त्रास होतो. अशा वेळी डॉक्टर आईला ठरावीक काळ दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य करायला सांगतात. म्हणून दुसऱ्या आईच्या दुधाची बाटली चुकून दिली गेली, तर ती चूक लपवू नये आणि दोन्ही घरांना त्याच दिवशी कळवावे. आईने मनाने आहार तोडू नये, कारण तिलाही कॅल्शियम आणि आयोडीन लागते.

९. ॲलर्जी असलेल्या मुलाला जेवताना वेगळे बसवणे योग्य आहे का?

वेगळ्या खोलीत किंवा भिंतीकडे तोंड करून बसवणे आम्हाला मान्य नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्यामागचे कारण कळत नाही. आपल्याला बाजूला काढले आहे एवढेच कळते, आणि जेवण ही त्याच्यासाठी भीतीची वेळ होऊन बसते. त्याला सर्वांच्या टेबलावर, पण एका टोकाला बसवावे आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर पूर्ण वेळ एका ताईने बसावे. वाढणे, पुसणे, दुसऱ्या मुलाला शौचाला नेणे ही कामे त्या ताईंना त्या वेळी देऊ नयेत. वेगळ्या रंगाचे ताट, पेला आणि नाव-फोटो असलेली चटई ठेवली की वाढणाऱ्याची नजर आपोआप थांबते. त्याचे जेवण सर्वांत आधी वाढावे, म्हणजे दुसऱ्या भांड्यातला चमचा त्यात जाणार नाही. शक्य तिथे त्याचा पदार्थ इतरांसारखाच दिसेल असा करावा. त्याहून बरे म्हणजे आठवड्यातले काही पदार्थ असे निवडावेत, की जे सगळीच मुले खाऊ शकतील.

या वयात मुले एकमेकांना घास भरवतात, दुसऱ्याचा पेला तोंडाला लावतात. त्यांना रागावून हे थांबत नाही; मोठे माणूस हाताच्या अंतरावर असले तरच थांबते.

१०. मग तो पदार्थ पाळणाघरातून पूर्णच बंद का करू नये?

दुधाच्या बाबतीत ते व्यवहार्य नाही, कारण इतर मुलांच्या आहाराचा तो मोठा भाग असतो आणि काही बाळे पूर्णपणे फॉर्म्युला दुधावर असतात. शेंगदाण्यांवर बंदी घालणे सोपे वाटते, पण सरसकट बंदीमुळे गंभीर प्रतिक्रिया कमी होतात असा भक्कम पुरावा नाही. उलट "आमच्याकडे तो पदार्थ येतच नाही" या समजुतीने दक्षता सैल होते, आणि ज्या मुलाला अंडे किंवा तीळ चालत नाहीत त्याचा विचार मागे पडतो. अख्खे दाणे आणि अख्खा सुकामेवा मात्र पाच वर्षांखालील कोणत्याच मुलाला देऊ नये. तो घशात अडकण्याचा धोका ॲलर्जीपेक्षा निराळा आणि सर्वांना सारखाच आहे.

११. वेष्टनावर दूध लिहिलेले नसेल तर पदार्थ निर्धोक समजावा का?

घटकांची यादी पूर्ण वाचल्याशिवाय नाही. केसीन, केसीनेट, व्हे पावडर, लॅक्टाल्ब्युमिन, दुधाचे घनपदार्थ ही सर्व दुधाचीच रूपे आहेत. लॅक्टिक आम्ल आणि कोको बटर ही नावे मात्र फसवी आहेत. कोको बटर दुधापासून बनत नाही आणि लॅक्टिक आम्लही सहसा दुधापासून बनवलेले नसते. "नॉन-डेअरी" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरींत केसीनेट असते. "व्हीगन" या शब्दाचा अर्थ कृतीत दूध घातलेले नाही एवढाच आहे. त्याच यंत्रावर दुधाचे पदार्थ बनत असतील तर अंश राहू शकतो. "दुधाचा अंश असू शकतो" ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे, म्हणून ती नसणे ही हमी नाही. वेष्टनावर नमूद करणे बंधनकारक असलेल्या ॲलर्जीच्या पदार्थांची यादीही देशागणिक बदलते : युरोपीय संघात १४ पदार्थ आहेत, तर अमेरिकेत २०२३ पासून तीळ धरून ९. त्यामुळे परदेशातून आलेल्या खाऊबाबत अधिक सावध राहावे. नेहमीचा पदार्थ असला तरी दर खरेदीला यादी वाचावी, कारण उत्पादक घटक बदलतात. डबा उघडून पदार्थ बरणीत ओतला, तर वेष्टनावरची यादी कापून बरणीला चिकटवावी.

१२. सॅनिटायझरने हात साफ केले तर पुरेसे आहे का?

नाही. सॅनिटायझर जंतू मारतो. ॲलर्जी घडवणारी प्रथिने हातावरच राहतात. खाण्याआधी आणि नंतर सर्व मुलांचे आणि ताईंचे हात साबण व वाहत्या पाण्याने धुवावेत, ते शक्य नसेल तर ओल्या वाइप्सने पुसावेत. टेबल आणि खुर्च्यांच्या कडा साबणाच्या पाण्याने पुसाव्यात आणि ते फडके लगेच धुवायला टाकावे. दुधाचा थेंब त्वचेला लागल्यास बहुतेक मुलांना त्या जागेपुरती लाली किंवा गांधी येतात, पण या वयात हात क्षणात तोंडात जातो, म्हणून स्पर्शही हलका घेऊ नये. नुसत्या वासाने सहसा गंभीर प्रतिक्रिया येत नाही. उकळत्या दुधाच्या वाफेतून मात्र प्रथिने हवेत येऊ शकतात, तेव्हा मुलाला स्वयंपाकघराजवळ ठेवू नये.

जेवणाबाहेरही हीच नजर ठेवावी. खेळण्याच्या पिठाच्या गोळ्यात बहुधा गहू असतो, काही रंगांत दूध किंवा अंडे असते, आणि हस्तकलेसाठी आणलेली दुधाची रिकामी खोकी व अंडी ठेवायची कागदी खोकी तर थेट त्याच पदार्थाची असतात.

१३. प्रतिक्रिया आलीच तर कोणत्या क्रमाने काय करावे?

फक्त गांधी, खाज किंवा ओठांची किंचित सूज असेल, तर योजनेतले अँटीहिस्टामिन (खाज आणि गांधी शमवणारे औषध) द्यावे, पालकांना कळवावे आणि मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. पण श्वास घेताना घरघर, आवाज घोगरा होणे, जिभेची सूज, सतत खोकला, अंग ढिले पडणे, त्वचा पांढरी किंवा निळसर होणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर तो ॲनाफिलॅक्सिस समजावा आणि ॲड्रेनलिन (ॲनाफिलॅक्सिसवरचे मुख्य औषध, जे बहुधा मात्रा भरलेल्या पेनसारख्या तयार इंजेक्शनमधून देतात) ताबडतोब मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी टोचावे. पातळ कपड्यावरूनही टोचता येते. त्यानंतर लगेच रुग्णवाहिका बोलवावी आणि मग पालकांना फोन करावा. आधी पालकांची परवानगी मागण्यात वेळ घालवू नये. ती परवानगी योजनेवरच सहीने घेतलेली असावी. अँटीहिस्टामिन ॲनाफिलॅक्सिस थांबवत नाही, म्हणून ते देऊन वाट पाहू नये.

मुलाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. श्वासाला त्रास होत असेल तर टेकून बसवावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. बरे वाटले म्हणून उभे करू नये किंवा चालवू नये, अचानक उठल्याने रक्तदाब कोसळू शकतो. ५ ते १५ मिनिटांत सुधारणा झाली नाही, तर योजनेनुसार दुसरी मात्रा द्यावी. लक्षणे निवळली तरी रुग्णालयात नेणे टाळू नये, कारण काही तासांनी ती परत येऊ शकतात.

शंका असेल तर ॲड्रेनलिन द्यावे, असेच ॲलर्जीतज्ज्ञ सांगतात. गरज नसताना दिलेल्या एका मात्रेने धडधड आणि थरथर होते आणि ती थोड्या वेळात शमते. उशिराने मात्र जीव गेलेले आहेत. ॲड्रेनलिनचे पेन कुलपात ठेवू नये, फ्रीजमध्येही ठेवू नये. ते खोलीच्या तापमानाला, मुलांच्या हाताला न लागेल पण प्रत्येक ताईला ठाऊक असेल अशा जागी असावे आणि मैदानावर किंवा सहलीला मुलाबरोबर जावे. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मूल वाढले की डॉक्टरांना पुन्हा विचारावे, आणि मुदत संपण्याची तारीख महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तपासावी. जिथे पेन मिळत नाही, तिथे डॉक्टरांनी दिलेला पर्याय कोणी आणि कसा वापरायचा हे योजनेत लिहून सराव करून घ्यावा.

१४. घरी त्याला केकमधले दूध चालते. पाळणाघरात बिस्किट का देत नाहीत?

दीर्घकाळ भाजल्याने दुधातील काही प्रथिनांची रचना बदलते आणि ती पिठात गुंतून राहतात. त्यामुळे दुधाची ॲलर्जी असलेली अनेक मुले बेक केलेले दूध सोसतात, पण पेलाभर दुधाने तीच मुले आजारी पडतात. डॉक्टर या गुणाचा उपयोग करून बिस्किटापासून दुधापर्यंत एकेक पायरी चढवतात. ही प्रत्येक नवी पायरी घरी किंवा रुग्णालयातच चढावी, पाळणाघरात नाही. ताप, जुलाब किंवा दम्याचा त्रास असताना कालपर्यंत सोसलेली मात्राही सोसत नाही. घरी नियमितपणे पचत असलेला पदार्थ पाळणाघरात द्यायचा असेल, तर त्याचे नाव आणि प्रमाण योजनेत लिहून द्यावे. "थोडे दूध चालते" या वाक्याचा अर्थ प्रत्येक ताई वेगळा लावतात. कोणताही पदार्थ बाळाला पहिल्यांदा देण्याची जागाही घर हीच आहे.

१५. तपासणीत अंड्याची ॲलर्जी निघाली, पण तो अंडे आनंदाने खातो. बंद करावे का?

स्वतःहून बंद करू नये. त्वचेवरची चाचणी किंवा रक्तातील आयजीई वाढलेले असणे म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखला आहे एवढेच. खाल्ल्यावर त्रास होत नसेल तर त्याला ॲलर्जी म्हणत नाहीत, आणि पचत असलेला पदार्थ थांबवल्याने पुढे खरी ॲलर्जी उद्भवू शकते. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांवरून आहार ठरवू नये. त्या फक्त मुलाने तो पदार्थ खाल्लेला आहे हे दाखवतात. अशा अहवालांवरून लहान मुलांच्या ताटातून पाच-सहा पदार्थ काढले गेल्याचे पाहिले की वाईट वाटते.

१६. डॉक्टरांचा कागद नाही, पण पालक ॲलर्जी असल्याचे सांगतात. पाळणाघराने काय करावे?

त्या दिवसापासून तो पदार्थ देणे थांबवावे आणि ठरावीक मुदतीत डॉक्टरांचे पत्र मागावे. कागद येईपर्यंत अविश्वास दाखवणे जितके चुकीचे, तितकेच वर्षभर कागदाशिवाय चालवणेही चुकीचे आहे, कारण गंभीर लक्षणांत काय करायचे हे त्याशिवाय ठरत नाही. कुटुंबाने आवडीने किंवा तत्त्वाने दूध सोडले असेल तर तेही पाळावे, पण त्याची नोंद वेगळ्या यादीत करावी. दोन्ही याद्या एक झाल्या की ताईंच्या मनात सगळ्याच सूचनांचे गांभीर्य उतरते.

१७. औषधांतही दूध असू शकते का?

असू शकते. काही कोरड्या पावडरीच्या इनहेलरमध्ये लॅक्टोज असते आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहिल्याने तीव्र ॲलर्जी असलेल्यांना त्रास झाल्याची उदाहरणे आहेत. काही प्रोबायोटिक पावडरीही दुधावर वाढवलेल्या असतात. बहुतेक गोळ्यांतले लॅक्टोज इतके शुद्ध असते की बहुसंख्य मुलांना त्याने काही होत नाही, त्यामुळे चालू औषध मनाने थांबवू नये. पाळणाघरात द्यायच्या प्रत्येक औषधाची यादी एकदा औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना दाखवून घ्यावी.

१८. ॲलर्जी गेली असे वाटते. नेहमीचे दूध कधी सुरू करावे?

दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत ओसरते, म्हणून डॉक्टर साधारण सहा ते बारा महिन्यांनी फेरतपासणी करतात. चुकून खाल्ले आणि काही झाले नाही, हा ॲलर्जी गेल्याचा पुरावा नाही. मात्रा फार कमी असू शकते. पूर्वी तत्काळ प्रतिक्रिया आलेल्या मुलाची परीक्षा वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावी. ती यशस्वी झाल्यावर नवी लेखी सूचना मिळेपर्यंत पाळणाघराने जुनीच योजना पाळावी, पालकांनी दारात तोंडी सांगितले तरीही. सूचना मिळाली की स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि वर्ग येथील जुन्या प्रती त्याच दिवशी काढून घ्याव्यात, आणि इतर ॲलर्जी कायम असतील तर त्यांची नवी प्रत लगेच लावावी.